घरी पाठ, शाळेत गणित : उलट्या तासाची वाटचाल

माध्यमिक शाळेतला गणिताचा तास साधारण पस्तीस मिनिटांचा. पहिली पाच मिनिटे हजेरीत आणि कालच्या वह्यांत जातात. पुढची वीस-पंचवीस मिनिटे शिक्षक फळ्यावर नवा घटक समजावतात, एक-दोन उदाहरणे सोडवून दाखवतात. मुले ती मुकाट्याने उतरवून घेतात. मग घंटा होते आणि सरावसंचातली उरलेली उदाहरणे गृहपाठाला जातात. म्हणजे गणितातले सोपे काम, ऐकण्याचे आणि उतरवण्याचे, शिक्षकासमोर होते. अवघड काम, स्वतः सोडवण्याचे, मूल एकटे असताना करायचे असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत हा एकटेपणा फार जाणवतो. आईवडील सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री आठ-नऊला परततात. वर्गसमीकरणात अडकलेल्या मुलाने विचारायचे कोणाला? या प्रश्नाचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे क्लास. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत क्लासच्या पाट्यांनी रस्ते भरलेले आहेत. ज्यांना फी परवडते ते तिथे जातात, ज्यांना परवडत नाही ते अडलेले उदाहरण वहीत तसेच सोडून देतात.

यावर वेगळे उत्तर शोधणारी एक पद्धत गेल्या तीसेक वर्षांत आकाराला आली. नवा पाठ मुलांनी घरी पाहायचा किंवा वाचायचा, आणि उदाहरणे वर्गात, शिक्षकांच्या नजरेखाली सोडवायची. जगभर तिला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. आपण तिला उलटा तास म्हणू. कोणत्या शाळांनी, कोणत्या अडचणीतून ही वाट काढली आणि ती आपल्या ठाणे जिल्ह्यापर्यंत कशी येऊ शकते, याचा हा आढावा.

आरंभ : हार्वर्ड ते वुडलँड पार्क

व्हिडिओचा जमाना येण्याआधीच या विचाराची सुरुवात झाली. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांच्या लक्षात आले की त्यांचे विद्यार्थी सूत्रे वापरून गणिते सोडवतात, पण साध्या संकल्पनेवर प्रश्न विचारला की चुकतात. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान आवरते घेतले. विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचे, वर्गात प्रश्नाचे उत्तर आधी स्वतः ठरवायचे आणि मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे. १९९७ मध्ये या पद्धतीवर त्यांचे पुस्तक आले. २००० साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठाच्या तीन अर्थशास्त्र प्राध्यापकांनी आपल्या अशाच प्रयोगावर निबंध लिहिला. तोवर हा सगळा विद्यापीठांतला विषय होता.

शाळेत तो आला तो गैरहजेरीमुळे. कोलोरॅडोतल्या डोंगराळ भागातल्या वुडलँड पार्क हायस्कूलची मुले खेळाच्या सामन्यांसाठी लांब लांब जात आणि त्यांचे तास बुडत. तिथले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि आरोन सॅम्स, यांनी २००७ मध्ये आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून मुलांना द्यायला सुरुवात केली. गैरहजर मुलांसाठी केलेले पाठ हजर मुलेही पाहू लागली. तेव्हा दोघांनी स्वतःला विचारले, की पाठ घरी पाहता येत असेल तर मुलांना शिक्षक नेमका कधी लागतो? उत्तर स्पष्ट होते : अडल्यावर. मग शिक्षकाचा वेळ त्या क्षणासाठीच ठेवावा, असे त्यांनी ठरवले. २०१२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि ही पद्धत शाळांमध्ये सर्वदूर गेली.

याच सुमारास खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान यांची कहाणी समांतर चालू होती. २००४ मध्ये ते नात्यातल्या नादिया या बहिणीला दुसऱ्या शहरातून फोनवर गणित शिकवू लागले. शिकणारी भावंडे वाढली, तेव्हा २००६ च्या अखेरीस त्यांनी छोटे पाठ यूट्यूबवर टाकले. भावंडांनी त्यांना सांगितले की प्रत्यक्षातल्या भावापेक्षा यूट्यूबवरचा भाऊ बरा. यामागचे कारण गणिताच्या प्रत्येक शिक्षकाने मनावर घ्यावे असे आहे. जे आपल्याला मागच्याच वर्षी यायला हवे होते, ते व्हिडिओत पुन्हा पुन्हा पाहता येते आणि कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. नववीतल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल, तर भर वर्गात हात वर करून ते सांगण्याची त्याची हिंमत होत नाही. २०११ च्या टेड व्याख्यानात खान यांनी हे मांडले आणि शाळांनी तास उलटा करावा असा आग्रह धरला. पुढे खान अकॅडमी टाटा न्यासांच्या साहाय्याने भारतात आली, आणि २०१६ मध्ये खान यांना पद्मश्री मिळाली.

गणित विभागाने घेतलेला निर्णय : बायरन

माध्यमिक गणितापुरते पाहायचे तर सर्वांत अभ्यासण्यासारखी वाटचाल मिनेसोटा राज्यातल्या बायरन हायस्कूलची आहे. बायरन हे रॉचेस्टरजवळचे लहान गाव. २००९ नंतर तिथे निधीची चणचण होती. गणिताची पुस्तके जुनी झाली होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. शिक्षकांनी विचार केला, की पुस्तकेच घ्यायची नसतील तर अभ्यासक्रम आपणच लिहावा. विभागातले सगळे गणित शिक्षक एकत्र बसले. कोणत्या इयत्तेत काय, कोणत्या क्रमाने, किती उदाहरणे, हे त्यांनी ठरवले, पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले आणि यूट्यूबवर ठेवले. वर्गातला वेळ उदाहरणांसाठी मोकळा झाला.

राज्याच्या गणित परीक्षेत अपेक्षित पातळी गाठणारी बायरनची मुले २००६ मध्ये सुमारे ३० टक्के होती, २०११ मध्ये ती सुमारे ७४ टक्के झाली. त्याच वर्षी माध्यमिक गणितासाठी इंटेलचा 'स्कूल ऑफ डिस्टिंक्शन' पुरस्कार या शाळेला मिळाला. मात्र ही वाढ तास उलटा करण्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय व्हिडिओला देता येणार नाही. त्या शाळेत गणिताचे शिक्षक वर्षानुवर्षे एकत्र बसत होते, निकाल समोर ठेवून बोलत होते, एकमेकांचे पाठ पाहत होते. उलटा तास हा त्या सवयीचा पुढचा टप्पा होता. आपल्या शाळांनी बायरनकडून काही घ्यायचे असेल तर आधी ही सवय घ्यावी.

दुसरे उदाहरण डेट्रॉइटजवळच्या क्लिंटनडेल हायस्कूलचे. ही गरीब वस्तीतली, निकालात मागे पडलेली शाळा. मुख्याध्यापक ग्रेग ग्रीन यांनी २०१० मध्ये नववीच्या वर्गांचे तास उलटे केले आणि २०११ पासून सगळ्या शाळेचे. नववीत गणितात नापास होणाऱ्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. तिथल्या बऱ्याच घरांत इंटरनेट नव्हते. शाळेने त्यावर साधा मार्ग काढला. पाठ पाहण्यासाठी शाळेतले संगणक शाळेआधी आणि शाळेनंतर मुलांसाठी खुले ठेवले. घर कमी पडत असेल तर ती बाजू शाळेने सांभाळली. ठाणे-डोंबिवलीसाठी माझ्या मते हे उदाहरण बायरनहून जवळचे आहे.

आपल्याकडची पूर्वतयारी

महाराष्ट्राला ध्वनिचित्रमुद्रित पाठ नवे नाहीत. पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये सुरू झाली आणि दूरदर्शनवरून तिचे शैक्षणिक कार्यक्रम मराठी मुलांच्या एका पिढीने पाहिले. तिला मर्यादा होत्या. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे, थांबवता येत नसे, आणि दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासाशी त्याचा संबंध असेलच असे नव्हते.

या मर्यादा गेल्या दशकात दूर झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग केला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. २०१७ मध्ये देशपातळीवर 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या नव्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमधून मुले थेट पाठापर्यंत पोहोचू लागली. दीक्षावरचे पाठ उतरवून ठेवता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतात, ही उलट्या तासासाठी फार मोलाची सोय आहे. दहावीचे गणिताचे नवे पुस्तक २०१८ मध्ये आले. म्हणजे आपल्या जिल्ह्यात राज्य मंडळाच्या दहावीतल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात उलट्या तासाचा निम्मा भाग आधीच आहे.

पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक, प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती यांनी महाविद्यालयीन शिक्षकांसाठी मोठी दूरस्थ प्रशिक्षणे घेतली. तास उलटा कसा करायचा, हा त्यांतला एक भाग होता. शाळांच्या गणित शिक्षकांपर्यंत मात्र असे प्रशिक्षण त्या प्रमाणात गेले नाही, आणि उणीव नेमकी तिथे आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने दहा-बारा वर्षांपूर्वी डिजिटल शाळेचा आदर्श घालून दिला. शिक्षक संदीप गुंड यांनी आदिवासी पाड्यावरच्या त्या लहान शाळेत रोजचे शिकणे संगणक आणि टॅबलेटवर आणले, आणि पुढे राज्यभरच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले. ती प्राथमिक शाळा, तिथला प्रश्न दहावीच्या गणिताचा नव्हता. तरीही साधनांअभावी काही करता येत नाही, ही सबब तिने ठाणे जिल्ह्यापुरती निकालात काढली.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि तयारी नसताना सगळे पाठ घरी गेले. शिक्षकांनी रात्रीतून व्हिडिओ करायला शिकून घेतले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या (एमकेसीएल) प्रतिष्ठानाने पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर आणली, कारण टीव्ही होता पण इंटरनेट नव्हते अशी घरे पुष्कळ होती. पण त्या काळातले शिक्षण म्हणजे उलटा तास नव्हे. पाठ घरी गेला आणि त्याची जोडीदार असलेली वर्गातली उदाहरणे कुठेच राहिली नाहीत. व्हिडिओ पाहून गणित येत नाही, हा त्या दीड वर्षाचा अनुभव खराच आहे. व्हिडिओला वर्गातल्या कामाची जोड का हवी, हेच त्या अनुभवाने दाखवून दिले.

एक तास, जवळून

दहावीच्या पहिल्या भागातला वर्गसमीकरणांचा पाठ घेऊ. पूर्ण वर्ग पद्धत मुलांना दरवर्षी अडते. आदल्या संध्याकाळी मुलांनी दहा-बारा मिनिटांचा एक पाठ पाहायचा. लांबीचा अंदाज बर्गमन इयत्तेवरून बांधतात : इयत्तेमागे मिनिट-दीड मिनिट, त्याहून अधिक नाही. पाठात एकच उदाहरण आहे :

क्ष² + ६क्ष − १६ = ०

१६ उजवीकडे न्यायचे. क्ष च्या सहगुणकाची निमपट ३, तिचा वर्ग ९, तो दोन्ही बाजूंना मिळवायचा. (क्ष + ३)² = २५. म्हणून क्ष + ३ = ५ किंवा क्ष + ३ = −५. उत्तरे २ आणि −८. पाहताना मुलांनी वहीत तीन ओळी लिहायच्या : काय कळले, कुठे थांबवून पुन्हा पाहिले, काय विचारायचे आहे.

दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच मिनिटे दोन छोट्या प्रश्नांची. पाठ कोणी पाहिला, कोणी नाही, ते त्यातच कळते. ज्यांनी पाहिला नाही त्यांना रागवायचे नाही. मागच्या बाकावर शाळेच्या टॅबलेटवर ते तो पाहतील आणि दहा मिनिटांनी सोडवणाऱ्यांत सामील होतील. उरलेली तीस मिनिटे चौघांच्या गटांत उदाहरणे. शिक्षक फळ्यापाशी नाहीत, बाकांमधून फिरत आहेत.

आता त्यांना जे दिसते ते फळ्यापासून कधीच दिसत नाही. एका वहीत ९ फक्त डाव्या बाजूला मिळवला आहे. दुसरीत २५ चे वर्गमूळ ५ घेऊन काम संपले, −५ विसरला, त्यामुळे एकच उत्तर आले. तिसरीत सहगुणक ५ आल्याबरोबर पेन थांबले आहे, कारण त्या मुलीची अडचण वर्गसमीकरणात नाही, पाच छेद दोनचा वर्ग करण्यात आहे, म्हणजे सातवी-आठवीच्या अपूर्णांकांत. चूक एकाच पद्धतीत दिसते, पण तीन मुलांना तीन वेगळी वाक्ये ऐकायची आहेत. फळ्यावरून सगळ्यांना एकच वाक्य ऐकू जाते. गृहपाठाच्या वहीत या तिन्ही चुका दोन दिवसांनी लाल शाईत दिसल्या असत्या, आणि तोवर वर्ग पुढच्या पाठावर गेला असता.

उलट्या तासाचे मर्म एवढेच आहे. मूल चुकते त्याच मिनिटाला शिक्षक त्याच्या वहीवर वाकलेले असतात. ती तीस मिनिटे मोकळी व्हावीत, एवढ्यासाठी व्हिडिओ आहे. या पद्धतीवर झालेल्या संशोधनांचे एकत्रित निष्कर्षही याच दिशेचे आहेत. फायदा होतो, पण माफक होतो. सुरुवातीला छोटी चाचणी घेतली आणि वर्गातला प्रत्यक्ष वेळ कमी केला नाही, तर तो वाढतो. व्हिडिओ दिले म्हणून तास कापणाऱ्या संस्थांना यातून काही मिळणार नाही.

इथल्या अडचणी

आपल्याकडे दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा आहेत, एकेका तुकडीत साठ-साठ मुले आहेत. साठ वह्या तीस मिनिटांत पाहून होत नाहीत. त्यासाठी गटांत एकमेकांना समजावणे आणि निम्म्या वर्गाकडे आज, निम्म्याकडे उद्या लक्ष देणे, असा मेळ घालावा लागतो. अभ्यासक्रम पुरा होईल का, ही शिक्षकांची धास्ती रास्त आहे. म्हणून वर्षभराचा अट्टहास न धरता पूर्ण वर्ग पद्धत, समरूपता, त्रिकोणमिती अशा अडणाऱ्या निवडक पाठांपासून सुरुवात करावी. शिक्षक शिकवत नाहीत, मोबाइल पाहायला सांगतात, असे पालकांना वाटू शकते. त्यांना पालकसभेत असा एक तास प्रत्यक्ष दाखवला तर हा प्रश्न पुष्कळसा सुटेल.

सर्वांत मोठी अडचण घराची. कळवा-मुंब्र्याच्या चाळीत किंवा कल्याणच्या एका खोलीत पाच माणसे, एक मोबाइल, आणि तोही वडील कामावरून आल्यावर हाती येणारा. अशा घरात शांतपणे पाठ पाहायला जागा नाही. ही अडचण मान्य न करता तास उलटा केला तर ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी मिळेल.

ठाण्याने यापेक्षा कठीण प्रश्नाला उत्तर दिलेले आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 'समर्थ भारत व्यासपीठ' या संस्थेने ठाणे महानगरपालिकेच्या सहकार्याने जून २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. भटू सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी पुलाखालीच कंटेनरमध्ये वर्ग उभारले. या मुलांना गृहपाठ करायला घरच नव्हते. म्हणून घराने करायचे तेही शाळेने केले : आंघोळ, जेवण आणि अभ्यासाला जागा. २०१९ मध्ये तिथली पहिली दोन मुले दहावी उत्तीर्ण झाली. तिथे उलटा तास चालतो असे माझे म्हणणे नाही. पण घर कमी पडले म्हणून मूल मागे राहायला नको, हे तत्त्व या शाळेने पुलाखाली अमलात आणून दाखवले आहे.

पुढची वाट

उलट्या तासाला लागणारी शांत जागा आपल्या शहरांत आहे, तिला नवे काम द्यायचे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीत वाचनालयांना तोटा नाही, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत संस्थांच्या, मंडळांच्या अभ्यासिका चालतात. त्यांतल्या प्रत्येकीने चार टॅबलेट, चार हेडफोन ठेवावेत आणि दीक्षावरचे दहावीच्या गणिताचे पाठ त्यांत उतरवून ठेवावेत. एका गणेशोत्सवातल्या एका दिवसाच्या सजावटीएवढ्या खर्चात हे होईल.

पाठ तयार करण्याचे काम एकेका शिक्षकाने एकट्याने न करता, बायरनप्रमाणे, एका शाळेतल्या सगळ्या गणित शिक्षकांनी मिळून करावे. दुसऱ्याच्या व्हिडिओपेक्षा आपल्या सरांचा, आपल्या बाईंचा आवाज मुले अधिक ऐकतात. एका शिक्षकाने वर्षात पाच पाठ केले आणि जवळच्या सहा शाळा एकत्र आल्या, तर दोन वर्षांत दहावीच्या दोन्ही भागांतले अडणारे सगळे पाठ मराठीत, आपल्या भागातल्या शिक्षकांच्या आवाजात तयार होतील. संस्थाचालकांनी त्यासाठी एकच गोष्ट द्यायची आहे : गणित विभागाला एकत्र बसण्यासाठी आठवड्यातला एक मोकळा तास.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा वर्गसमीकरणांचा पाठ पहिल्या सत्रातच येईल. आपल्या शाळेतल्या एका तुकडीला तेवढा एक पाठ उलट्या तासाने शिकवून पाहा, आणि घटक चाचणीचे गुण शेजारच्या तुकडीशी ताडून पाहा. पुढचा निर्णय ते गुण पाहून घ्या.